पेन्सिलीच्या आधी चिंचोके

जूनमध्ये बालवाडी सुरू होते आणि पंधरा दिवसांतच दारातल्या पालकांचा प्रश्न कानावर यायला लागतो, "बाई, आज वहीत काही लिहिलं नाही का?" विचारणाऱ्या आईचा हेतू चांगलाच असतो. शेजारचं मूल नर्सरीतून चार पानं भरून ए-बी-सी-डी घरी आणतं आणि आपलं मूल कोपरापर्यंत माती माखून येतं, हे तिला रोज दिसत असतं. तीसेक वर्षं मी आधी बालवाडीत आणि नंतर बालवाडी-अंगणवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणात काम केलं. या एका प्रश्नाला उत्तर देता न आल्यामुळे चांगल्या चाललेल्या बालवाड्यांनी माती बाजूला सारून वह्या काढलेल्या मी पाहिल्या आहेत. अंगणवाडीतलं मूल काढून, ऐपत नसताना फी भरून, लिहायला लावणाऱ्या शाळेत घातलेलंही पाहिलं आहे. म्हणून आज त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायचं आहे. साडेतीन-चार वर्षांचं मूल मातीत, पाण्यात, चिंचोक्यांत हात घालून बसतं, तेव्हा ते नेमकं काय शिकत असतं?

पालकसभेत मी एक छोटा प्रयोग करते. सगळ्यांना चाररेघी कागद देते आणि डाव्या हाताने स्वतःचं पूर्ण नाव पाच वेळा, रेघेत बसवून लिहायला सांगते. डावखुऱ्यांनी अर्थातच उजव्या हाताने. मधूनच म्हणते, "आटपा लवकर, शेजारच्यांचं झालं बघा." दोन मिनिटांत खोलीतलं वातावरण बदलतं. खांदे आखडतात, पेन घट्ट आवळलं जातं, कुणाची जीभ बाहेर येते, अक्षर रेघेबाहेर पळतं. एकदा एक वडील पेन ठेवून म्हणाले, "काय लिहायचं ते ठाऊक आहे हो, पण हात ऐकत नाही." यापेक्षा नेमकं वर्णन मला आजवर करता आलेलं नाही. आणि या गृहस्थांना निदान काय लिहायचं ते ठाऊक होतं. चार वर्षांच्या मुलाला हातही ऐकत नसतो आणि कागदावरच्या त्या खुणेचा अर्थही ठाऊक नसतो.

हात का ऐकत नाही? लहान मुलाच्या शरीरावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे सरकत येतो. आधी पूर्ण हात हलतो, मग कोपर, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही तीन बोटं बाकीच्या हातापासून वेगळी, स्वतंत्रपणे चालायला लागतात. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि एकेक करत साधारण बाराव्या वर्षापर्यंत टणक होत जातात. मोठ्यांचं मनगट आणि चार वर्षांच्या मुलाचं मनगट ही एकच वस्तू नव्हे. पेन्सिल धरणं हे या प्रवासातलं शेवटचं स्थानक आहे. गाडी सुटल्याबरोबर ते यावं असा हट्ट धरला, की मूल पेन्सिल मुठीत पकडतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

या वाटेवरची बाकीची स्थानकं आपल्या घराघरात आहेत. खांद्यासाठी सर्वांत स्वस्त साहित्य म्हणजे पाण्याची बादली आणि रंगाऱ्याचा जुना ब्रश. मुलांना बाहेरची भिंत पाण्याने 'रंगवायला' द्यावी. उभ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत हात फिरतो, पाणी उन्हात वाळतं, भिंत पुन्हा कोरी होते आणि काम पुन्हा सुरू. मनगटासाठी ओलं फडकं पिळायला द्यावं. पिळताना दोन मनगटं एकमेकांच्या उलट फिरतात, आणि ते मुलांना सुरुवातीला अजिबात जमत नाही. दोन्ही हातांनी फडकं नुसतं दाबून पाणी काढतात. एके दिवशी पीळ बसतो, आणि त्या दिवशीचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मग तांब्यातून वाटीत ज्वारी ओतणं, ते जमलं की पाणी ओतणं, नरसाळ्यातून बाटली भरणं. हाताच्या पंजासाठी कणकेचा किंवा मातीचा गोळा. बोटांसाठी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडणं, मटार सोलणं, सुतळीत झेंडूची फुलं ओवणं, आणि सुपात मिसळलेले वाल, हरभरे नि चिंचोके वेगवेगळ्या वाट्यांत निवडून टाकणं.

हे निवडणं मला फार मोलाचं वाटतं. त्यात चिमूट घडते, आणि त्याच चिमटीत उद्या पेन्सिल बसणार असते. शिवाय त्यात डोकं चालतं. वाल कोणते, हरभरे कोणते, दोन्हींत न बसणारा खडा कुठे ठेवायचा? वर्गीकरण हा गणिताचा पाया आहे असं पुस्तकात मोठ्या शब्दांत लिहिलेलं असतं. आपल्या आज्या ते तांदूळ निवडताना नातवंडांकडून करून घेत होत्या. एक सावधगिरी मात्र हवी. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती बिया, मणी, वाटाणे देऊच नयेत, आणि मोठ्यांनाही देताना ताईंनी समोर बसावं. हरभऱ्याचा दाणा नाकात जाऊन फुगला की डॉक्टर गाठावा लागतो. लहानग्यांना निवडायला बटाटे, लिंबं, बाटल्यांची मोठी झाकणं द्यावीत.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. मारिया माँटेसोरी या इटालियन डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह काढलं. गिरणीकामगारांसारखी कष्टकरी माणसं कामावर गेल्यावर मागे राहणारी मुलं, एवढाच त्यांचा वर्ग होता. मुलांना घासायला, पुसायला, ओतायला, बटणं लावायला द्यायचं, आणि अक्षरं खरखरीत कागदाची कापून त्यांवर बोट फिरवू द्यायचं, ही त्यांची रीत. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं आणि ही पद्धत इथल्या मातीत रुजवली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंच्या मागे अनुताई वाघांनी ते नेलं. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून ते पालघरमध्ये येतं.

बोर्डीला ताराबाईंपुढे दोन अडचणी होत्या. पहिली अडचण, मुलं बालवाडीत येईनात. मग त्या बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो पुढे देशभर गेला. गुरं राखायला जाणाऱ्या वारली मुलांमागे कुरणात जाऊन भरवलेली ती 'कुरणशाळा'. दुसरी अडचण साहित्याची. माँटेसोरीचा लाकडी संच महाग, तो खेड्यात आणायचा कुठून? तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, माती, खडे, बांबू असं जे भोवती होतं त्यातून त्यांनी साहित्य उभं केलं. शहरात आज गल्लोगल्ली 'माँटेसरी' अशी पाटी दिसते. आत डोकावलं तर बाकं, फळा आणि वह्या! नाव त्या बाईंचं आणि रीत तिच्या नेमकी उलट, असा प्रकार.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तिथेच पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. "आमचा सोन्या शंभरपर्यंत म्हणतो," असं कौतुकाने सांगतात. म्हणतो हे खरं. त्याच्यापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." सोन्या मूठभर उचलून देतो. एक-दोन-तीन म्हणणं हे त्याच्या लेखी गाणं आहे. गाणं येणं चांगलंच, पण मोजायला आणखी तीन गोष्टी लागतात. एका चिंचोक्याला एकच आकडा द्यायचा. एकही चिंचोका सोडायचा नाही. आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा शेवटच्या चिंचोक्याचा नसून सगळ्यांचा मिळून असतो. ही तिसरी गोष्ट फार अवघड. मुलाने पाच चिंचोके बरोबर मोजले की लगेच विचारून पाहा, "मग किती आहेत?" पुष्कळ मुलं पुन्हा "एक, दोन, तीन..." असं पहिल्यापासून सुरू करतात. त्यांच्या दृष्टीने 'पाच' हे त्या टोकाच्या चिंचोक्याचं नाव असतं, जसं कुणाचं नाव बंड्या असतं तसं.

पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलेला आणखी एक प्रकार घरी करून बघण्यासारखा आहे. पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. मूल म्हणेल, सारखे आहेत. आता त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ ऐसपैस पसरा. चार वर्षांचं मूल बहुधा म्हणेल, "हे जास्त." ओळ लांब झाली म्हणजे चिंचोके वाढले! याला समजावून सांगण्यात अर्थ नसतो, पाठ करून घेण्यात तर मुळीच नाही. हाताने शेकडो वेळा मांडून, पसरून, गोळा करून ते एक दिवस त्याचं त्यालाच उमगतं.

म्हणून बालवाडीत आकडा रोजच्या कामातून यावा. खाऊच्या वेळी एका मुलाने प्रत्येकापुढे एक वाटी ठेवायची. कमी पडल्या तर किती आणायच्या? चपला जोडीने लावायच्या. मग अंकडब्यांचा खेळ. रिकाम्या काडेपेट्यांच्या दहा डब्या घ्याव्यात, त्यांवर शून्य ते नऊ आकडे लिहावेत आणि मुलापुढे मोजून ४५ चिंचोके ठेवावेत. एकच्या डबीत एक, दोनच्या डबीत दोन, असं करत नऊपर्यंत बरोबर ४५ लागतात. मध्ये कुठे चूक झाली तर शेवटच्या डबीला चिंचोके पुरत नाहीत, नाहीतर वाटीत उरतात. बाईंना "चुकलं" म्हणावं लागत नाही, चिंचोकेच सांगतात. मूल स्वतःहून डब्या रिकाम्या करून पुन्हा मांडतं. वहीवरची लाल फुली पाहून कुणी मूल पुन्हा गणित सोडवायला बसलेलं मला आठवत नाही. आणि शून्याची डबी! तिच्यात काहीच टाकायचं नाही याची मुलांना मोठी गंमत वाटते. मुद्दाम उघडून दाखवतात, "बघा, काही नाही!"

दहापर्यंतचा आकडा असा हातात बसला तर बालवाडीचं गणित झालं, असं माझं मत आहे. त्यापुढे मराठी मुलाची वाट आणखी चढाची होते. आपल्याकडे 'एकवीस' म्हणताना एक आधी आणि वीस नंतर, लिहिताना २ आधी आणि १ नंतर. 'एकोणतीस' म्हणताना तीस ऐकू येतं आणि लिहायचं मात्र वीसच्या घरातलं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. बाजू कुणाचीही घ्या, अडचण खरी आहे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात धरून एकवीस म्हटलं, की ती पुष्कळ हलकी होते. मात्र हे काम पहिलीचं. चार वर्षांच्या मुलाकडून एक ते शंभर लिहून घेण्याची घाई कशासाठी?

अक्षरांचंही असंच. लिहिण्याच्या आधी ऐकणं. टाळ्या वाजवत शब्द तोडायचे. पा-टी, दोन टाळ्या. भा-क-री, तीन टाळ्या. मग कापडी पिशवीतून वस्तू काढण्याचा खेळ. आज 'क'ची पिशवी, तर कप, कमळाचं चित्र, कणीस. यात पहिल्या आठवड्यात कुलूप आणि कात्री घालू नये. मोठ्यांना तिन्हीकडे 'क' दिसतो, मुलाला कु आणि का असे वेगळे आवाज ऐकू येतात. 'च'ची पिशवी तर फसवीच. चमच्यातला च आणि चहातला च एकदा मोठ्याने म्हणून पाहा. चाक, चमचा एका दिवशी आणि चहा, चित्र दुसऱ्या दिवशी, एवढं पथ्य पाळलं की गोंधळ टळतो. वस्तू हातात असण्याचा आणखी एक फायदा. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला "तसं नव्हे, पाणी" असं टोकावं लागत नाही. पेला समोर आहे. त्याने त्याचा शब्द सांगावा, ताईंनी आपला सांगावा, दोन्ही शब्द त्या पेल्यापाशी राहतात. वारली, कोकणी, पावरी, गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. घरचा शब्द चुकीचा ठरला की मूल गप्प होतं, आणि गप्प झालेल्या मुलाला बोलतं करायला वर्ष जातं.

नवा शब्द द्यायची माँटेसोरी पद्धतीतली एक युक्ती आहे. ती तीन पायऱ्यांची. एक खरखरीत कापड आणि एक गुळगुळीत गोटा घ्यावा. पहिल्यांदा हात फिरवू देत सांगायचं, "हे खरखरीत, हे गुळगुळीत." मग, "खरखरीत कुठलं? दे बरं मला." आणि मग शेवटी विचारायचं, "हे कसं आहे?" आपण घाईने थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो, "सांग, हे काय?" दुसऱ्या पायरीवर जितका वेळ रेंगाळाल तितकं चांगलं. तिथे मुलाला बोलावं लागत नाही, नुसतं ओळखावं लागतं, त्यामुळे लाजरी मुलंही सामील होतात.

लिहिण्याची वेळ आली की ताटात वाळू, रांगोळी किंवा रवा पातळ पसरावा आणि बोटाने गिरवू द्यावं. चुकलं तर ताट हलवलं की पुसलं. सुरुवात 'अ'पासून करण्याचा आग्रह नको, त्याला वळणं फार. आपल्या जुन्या मास्तरांनी ग, म, भ, न हा क्रम लावला होता तो उगाच नव्हे. ही अक्षरं आकाराने एका घरातली, एक काना ओढता आला की निम्मं काम झालं. तसंच व, ब, क. र, स, ख. प, ष, फ.

हे सगळं एका खोलीत, तीस मुलांत, एक सेविका आणि एक मदतनीस यांनी करायचं कसं? प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. अंगणवाडीच्या ताईंना पोषण आहार, वजनं, लसीकरण, नोंदी हे सगळंच पाहावं लागतं. तीस मुलांनी एकाच वेळी एकच गोष्ट करावी हा आग्रह सोडला तरच हे जमतं. चार कोपरे करावेत. एकात माती, एकात निवडणं-ओतणं, एकात डब्या, एकात चित्रांची पुस्तकं. ताईंनी एकाच कोपऱ्यात बसावं आणि बाकीची मुलं आपापली खेळू द्यावीत. पहिले आठ-दहा दिवस गोंधळ होतो, सांडलवंड होते. सांडलेलं मुलांनीच भरायचं, हा धड्याचाच भाग. खोली एका आठवड्यात शांत होईल असं कुणी सांगत असेल तर त्यांनी तीस मुलं सांभाळलेली नसावीत.

मला खरी खंत वेगळीच आहे. सुंदर साहित्याची पेटी येते आणि कपाटात कुलूपबंद होते, कारण हरवलं-तुटलं तर जबाबदारी कुणाची? तपासणीच्या दिवशी ती टेबलावर मांडतात आणि संध्याकाळी परत कपाटात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' नावाची खेळसाहित्याची पेटी आली. वहीआधी खेळ आणि हाताचं काम, हे आता सरकारी कागदावरही आहे. पण जी वस्तू तुटायची भीती आहे तिने मूल शिकत नाही, ही गोष्ट कुठल्याच नोंदवहीत मावत नाही. म्हणून मी ताईंना फुकटचं साहित्य जमवायला सांगते. चिंचोका हरवला तर चौकशी होत नाही.

आणि पालकांना? त्यांच्यासाठी शनिवारी अर्धा तास बालवाडी उघडी ठेवावी आणि मुलांऐवजी त्यांनाच अंकडब्या मांडायला बसवावं. वडील मंडळी आधी संकोचतात, मग शून्याची डबी बघून हसतात. घरी काय करू असं विचारलं तर मी सांगते, संध्याकाळी भाजी निवडताना मुलाला शेजारी बसवा, मेथीची पानं खुडू द्या, चपातीचा एक गोळा त्याला द्या, ताटं त्यालाच मांडू द्या. स्वयंपाकाला दहा मिनिटं जास्त लागतील. वही मात्र पहिलीपर्यंत थांबू शकते.

चिंचोके जमवायचे असतील तर उन्हाळ्यात, चिंचा फोडायचं काम घरोघरी निघतं तेव्हाच शब्द टाकून ठेवावा. धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावेत, नाहीतर पावसाळ्यात कीड लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाच्या चार वाळक्या काड्या टाकून ठेवले की पुढच्या जूनला उपयोगी पडतात.